१९६२ च्या युद्धात भारतातल्या चिनी कुटुंबांना खरंच छावणीत ठेवलं होतं का? लहानपणी हे अनुभवलेलं इथे कोणी आहे का?

हो, ठेवलं होतं. साधारण तीन हजार माणसं. मी तेव्हा सात वर्षांची होते.

शिलाँगला आमचं चपलाबुटांचं दुकान होतं. बाबा जन्मले आसामात, आई बाजारात खासी बोलायची. चीन पाहिलेली घरात एकटी आजी. नोव्हेंबरात पोलीस आले आणि थोडे कपडे घ्या म्हणाले, चार दिवसांचाच प्रश्न आहे. २१ तारखेला चीनने युद्धबंदी जाहीर केली. लढाई थांबली, आमचा प्रवास थांबला नाही. कितीतरी दिवस आगगाडीत. एका स्टेशनवर डब्यावर दगड पडले. बाबांनी खिडकी ओढून घेतली आणि आम्हाला गोष्ट सांगायला लागले.

राजस्थानातली देवळीची छावणी इंग्रजांच्या काळापासूनची. १९४१ मध्ये कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाश नारायण तिथेच स्थानबद्ध होते. हे मला फार नंतर मुंबईत, शेजारच्या गिरणीकामगार काकांनी सांगितलं. तेव्हापासून ते मला जरा मानानेच वागवायचे!

खरं सांगू? पहिले काही महिने मला मजा वाटली. शाळा नाही, माकूम-दार्जिलिंगकडची ढीगभर पोरं खेळायला, कुंपणापलीकडे उंट. भात कच्चा असायचा, पण तो निवडत बसण्याचाही आम्ही खेळ केला होता. मग उन्हाळा आला. थंड डोंगरात आयुष्य गेलेली म्हातारी माणसं त्या उन्हात टिकेनात. आजी मे महिन्यात गेली. त्यानंतरचे खेळ मला आठवत नाहीत.

बरीच कुटुंबं मद्रासहून जहाजाने चीनला गेली. बाबा म्हणाले, तिथे आपलं कोण आहे? आम्ही १९६५ मध्ये सुटलो. काही जण तर १९६७ पर्यंत आत होते. परतलो तेव्हा दुकान लिलावात गेलेलं. बाबांना पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागायची, गावाबाहेर जायचं तर परवानगी. मी दहाव्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसले, गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत. देवळीने माझं काय केलं असं कोणी विचारलं, तर मला आधी ते बाकच आठवतं.

पुढे मुंबईत मावशीच्या ब्यूटी पार्लरमध्ये कामाला आले, लग्न इथलंच, मराठीही इथलीच. सासरी कित्येक वर्षं यातलं काही बोलले नाही. राजस्थान पाहिलंय का, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "हो, लहानपणी एकदा."