काढलेला भाग आधी बघ

रामबाग, इंदूर

प्रिय बाळा,

तू पाठवलेला गुदाशयाच्या ऑपरेशनचा व्हिडिओ दोनदा पाहिला. हात छान चालतो तुझा. रक्त जवळजवळ नाहीच, रोगी पाचव्या दिवशी घरी. पण काढलेला भाग व्हिडिओत कुठेच दिसला नाही.

गुदाशयाच्या कर्करोगात पुढचं सगळं त्या भागावर लिहिलेलं असतं. तो ट्रेत आला की स्वतः उलटूनपालटून बघत जा. मेसोरेक्टमचं, म्हणजे गुदाशयाभोवतीच्या चरबीचं, आवरण अखंड, गुळगुळीत, चकचकीत हवं. खड्डा पडून आतला स्नायू दिसत असेल तर तो भाग तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला आपणहून फोन कर. काढलेल्या भागाच्या कडेपासून गाठ 1 मिलिमीटर किंवा त्याहून जवळ असली, तर रोग तिथेच उलटण्याची भीती वाढते.

दुर्बिणीतून करू की ओपन, म्हणजे पोट उघडून, असं विचारलंस. मुख्यतः युरोपातल्या कलर टू चाचणीत या दोन्ही पद्धतींचे मिळून 1044 रोगी होते. तीन वर्षांनी रोग जागच्या जागी उलटला तो दोन्हीकडे 5 टक्के. हे 2015 साली छापून आलं. त्याच वर्षी आलेल्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत मात्र काढलेला भाग निकषांना उतरला तो दुर्बिणीत सुमारे 82 टक्के, ओपनमध्ये 87. दोन्ही पद्धती तोडीस तोड आहेत, हे तिथे सिद्ध झालं नाही. पुढच्या पाहणीत रोग उलटण्यात ठळक फरक दिसला नाही, हेही खरं. अरुंद कटिरातली (ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीतली) मोठी गाठ असेल तर वेळीच पोट उघड. त्यात कमीपणा मानू नकोस.

माझी एक चूक सांगतो. एक काकू होत्या. आतडं जोडलं, पोटावरची शौचाची तात्पुरती पिशवी बंद केली, मार्जिन (कापलेली कड) साफ. कागदावर मी 'उत्तम' लिहिलं. दीड वर्षानं सून म्हणाली, "सासूबाई गणपतीतल्या कीर्तनालाही येत नाहीत. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं, दम धरवत नाही." दर तपासणीत मी गाठीचं विचारलं होतं, संडासाचं एकदाही नाही. त्याही लाजेनं बोलल्या नव्हत्या. ते मला अजून टोचतं.

जोडणी जितकी खाली, तितका हा त्रास जास्त; किरणं दिली असतील तर आणखी. हे ऑपरेशनआधी सांग, घरच्यांना समोर बसवून. काहींना कायमची पिशवीच सोयीची वाटते, ते त्यांना ठरवू दे.

रविवारी सकाळी वही घेऊन ये. किती केसेस कन्व्हर्ट झाल्या, म्हणजे दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं, आतड्याच्या किती जोडण्या गळल्या, कोण रात्री संडासाला उठतं, सगळं बसून मोजू. पोहे इथेच खा.

तुझा,
सर