वाचक विचारतात : 300 कोटींची स्पर्धा आणि आपलं पोट्टं

मागच्या अंकात मी डोटा 2 या गेमच्या जागतिक स्पर्धेबद्दल, म्हणजे 'द इंटरनॅशनल'बद्दल चार ओळी लिहिल्या काय आणि मेसेजांचा ढीगच लागला, निम्मे आईवडील-आजोबांचे, निम्मे पोट्ट्यांचे, आणि बहुतेकांच्या मेसेजमध्ये तोच एक आकडा, 300 कोटी. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

"नातू इंजिनिअरिंगले आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेडफोन लावून बोंबलत राह्यते. म्हणते आजोबा हे पबजी नाही, याची वर्ल्डकप होते. मले तर दोन्ही सारखेच दिसतात. याले खेळ म्हणाव का बाप्पा?" – एक आजोबा, महाल

आजोबा, म्हणावं, आणि फरकही मोठा आहे. पबजीत शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. डोटात पाच विरुद्ध पाच, नकाशा दरवेळी तोच, दोन कोपऱ्यांत दोघांचे किल्ले, मधे तीन रस्ते, आणि ज्याचा किल्ल्यातला 'एन्शंट' आधी पडला तो हरला. एक डाव साधारण 35-45 मिनिटं चालतो, कधी त्याच्याही पुढे जातो. मारामारी दिसते ती वरवरची, खरा खेळ त्याआधीच सुरू झालेला असतो, कारण 120 पेक्षा जास्त पात्रं आहेत (त्यांना हिरो म्हणतात) आणि दोन्ही कॅप्टन आळीपाळीने एक हिरो घेतात, समोरच्याचा एक बाद करतात, हे सगळं घड्याळ लावून.

तुम्ही महालातले म्हणजे कबड्डी बघितलेली असणार, तर तसंच समजा. रेडर पॉइंट घेऊन येतो आणि टाळ्या त्याला पडतात, पण साखळी धरून उभे असतात त्यांच्याशिवाय डाव होत नाही. डोटात रेडरच्या जागी 'कॅरी', आणि साखळीत 'सपोर्ट'. गेममध्ये शेवटचा घाव ज्याचा त्याला सोनं मिळतं, आणि सपोर्टवाला हे सोनं मुद्दाम सोडून देतो, का तर आपला कॅरी मोठा व्हावा, आणि स्वतः गरीब राहून नकाशावर वॉर्ड लावत फिरतो, म्हणजे अंधारात टीमसाठी डोळे पेरतो. नातू बोंबलतो तो बहुतेक त्यामुळेच, समोरचा गडी नकाशावरून गायब झाला की चार जणांना सांगावंच लागतं, नाही सांगितलं तर कोणीतरी मेलंच. त्याला एकदा विचारा, कोणत्या पोझिशनवर खेळतो, एक ते पाच असतात. चार किंवा पाच, म्हणजे सपोर्ट, म्हणाला तर पोरगं दुसऱ्यासाठी राबणारं आहे हे समजून घ्या.

आणि बसून खेळलेलं खेळ कसं असं वाटत असेल तर बुद्धिबळाचं बघा की. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिलांचा वर्ल्डकप जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हा कोणी विचारलं का, ही तर नुसती बसून होती? त्याच वर्षी रियाधच्या ईस्पोर्ट्स (म्हणजे स्पर्धेतल्या गेमिंगच्या) वर्ल्डकपमध्ये बुद्धिबळही होतं, मॅग्नस कार्लसन टीम लिक्विडकडून खेळला आणि जिंकला, आणि हाच लिक्विड क्लब 2017 आणि 2024 ला डोटाची द इंटरनॅशनल जिंकलेला आहे.

"मुलगा म्हणतो या स्पर्धेला 300 कोटींचं बक्षीस असतं. हे खरं आहे की त्याला कोणी फसवतंय? आणि एवढा पैसा येतो कुठून?" – एक आई, मानेवाडा

ताई, आकडा खरा आहे पण तो एकाच वर्षाचा आहे, आणि हे 'एकाच वर्षाचा' कोणी सांगत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगते.

पहिली स्पर्धा 2011 ला जर्मनीत कोलोनला झाली, गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 16 टीम बोलावल्या आणि एकूण 16 लाख डॉलर ठेवले, त्यातले 10 लाख पहिल्या नंबरला. तेव्हा गेमिंगच्या जगात असा आकडा कोणी ऐकलेलाच नव्हता. युक्रेनची नॅटस विन्सेरे जिंकली. आम्ही तेव्हा इकडे सदरच्या एका सायबर कॅफेत जुना डोटा खेळायचो, तासाचे पैसे पाच जणांत वाटून, आणि ती बातमी आली त्या दिवशी कॅफेत कोणी खेळलंच नाही, सगळे एका स्क्रीनभोवती उभे होते. मला तो दिवस अजून तसाच्या तसा आठवतो.

मग 2013 ला कंपनीने नवीनच काढलं. 10 डॉलरचं एक डिजिटल पुस्तक विकायला ठेवलं, कम्पेंडियम, आणि सांगितलं की विक्रीतला चौथा हिस्सा बक्षिसात जाईल. म्हणजे जगभरातले खेळणारेच वर्गणी काढायला लागले, आपल्या गणपतीच्या मंडळासारखं, फक्त इथे प्रत्येक 10 डॉलरमधले अडीच बक्षिसात आणि साडेसात कंपनीकडे. पुढे त्याचं बॅटल पास झालं, आत हिरोंचे नवे कपडे, चकचकीत शस्त्रं, लोकांनी वेड्यासारखं घेतलं. 2014 ला एकदम 1 कोटी 9 लाख डॉलर, 2019 ला शांघायमध्ये 3 कोटी 43 लाख, आणि 2021 ला बुखारेस्टमध्ये 4 कोटी डॉलर. तुमच्या मुलाचे 300 कोटी ते हे.

त्या वर्षी काय झालं तेही त्याला सांगा. कोरोनामुळे स्पर्धा वर्षभर पुढे गेलेली, स्टॉकहोमची जागा बदलून रुमानियात आणलेली, आणि सुरू व्हायच्या काही दिवस आधी प्रेक्षकच रद्द झाले, तिकिटांचे पैसे परत. म्हणजे गेमच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं बक्षीस आणि समोर रिकाम्या खुर्च्या. जिंकलेल्या टीम स्पिरिटला 1 कोटी 82 लाख डॉलर मिळाले, शेवटच्या दोन टीमना एकेक लाख. एकेक लाख डॉलरही कमी नाही, पण तो पाच जणांत, कोचमध्ये, क्लबमध्ये वाटला जातो आणि कर वेगळा, आणि ही जगातल्या पहिल्या 18 टीमची गोष्ट झाली, एकोणिसाव्याला यातलं काहीच नाही.

त्यानंतर आकडा घसरलाय. 2022 ला सिंगापूरमध्ये 1 कोटी 89 लाख, आणि 2023 ला कंपनीने मोठा बॅटल पास बंदच केला तेव्हा थेट 31 लाखांवर, आणि तेव्हापासून 30 लाखांच्या आसपासच आहे. म्हणजे ज्याला 300 कोटी दिसतायत त्याला 25-26 कोटींच्या स्पर्धेबद्दल बोलायला पाहिजे, तेही सगळ्या टीम मिळून. कोणी फसवत नाहीये ताई, मुलाने 2021 ची जुनी बातमी पकडून ठेवलीये, एवढंच. मला स्वतःला विचाराल तर पैसा कमी झाला आणि स्पर्धा बिघडली असं अजिबात नाही, 2025 ची हॅम्बुर्गची फायनल पाच डावांपर्यंत गेली, टीम फाल्कन्सनी चीनच्या एक्स्ट्रीम गेमिंगला 3-2 हरवलं, आणि त्या पोरांच्या डोळ्यात पाणी होतं ते कमी बक्षिसासाठी नव्हतं.

"माझी रँक डिव्हाइन आहे, रोज आठ तास खेळतो. बारावीनंतर दोन वर्षं ड्रॉप घेऊन प्रो व्हायचा विचार आहे. ओजी टीम ओपन क्वालिफायरमधून जिंकली होती ना, मग नागपूरमधून काहून नाही होणार?" – बारावी, नंदनवन

भाऊ, ड्रॉप घेऊ नको. आधी हे लिहिते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील.

ओजीची गोष्ट खरी आहे आणि मलाही ती फार आवडते. 2018 ला स्पर्धेच्या तोंडावर दोन खेळाडू सोडून गेले, त्यातला एक तर कॅप्टनचा जुना जिगरी दोस्त. उरलेल्यांनी कोचलाच खेळायला बसवलं, ब्रेक घेतलेल्या आना नावाच्या खेळाडूला परत बोलावलं, फिनलंडच्या टॉपसनला घेतलं ज्याने मोठं स्टेज कधी बघितलंच नव्हतं, आणि जिथे कोणीही नाव देऊ शकतो त्या ओपन क्वालिफायरपासून सुरुवात करून व्हँकुव्हरला फायनलमध्ये चीनच्या पीएसजी एलजीडीला 3-2 हरवलं. पुढच्या वर्षी परत जिंकले, तोवर दोनदा कोणीच जिंकलेलं नव्हतं. पण नीट बघ, त्यातला कॅप्टन नोटेल कित्येक वर्षं जगातल्या वरच्या टीमशी खेळत आलेला, आना आधीही इंटरनॅशनल खेळलेला. दार सगळ्यांना उघडं होतं म्हणून कोणीही शिरला असं नाही झालं.

आणि डिव्हाइन म्हणजे चांगलाच आहेस, पण त्याच्या वर इम्मॉर्टल, आणि इम्मॉर्टलमध्ये नंबर लागतात, प्रो टीमवाले वरच्या काही शे नंबरांत बघतात. आपल्या देशातल्या टीमना आग्नेय आशियाच्या क्वालिफायरमध्ये खेळावं लागतं, समोर फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशियाची पोरं, आणि सर्व्हर सिंगापूरचा असला की नागपूरहून पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला उशीर, लागणारच, शेवटच्या घावाच्या वेळी तेवढं पुरतं हरायला. पाचही भारतीय पोरं असलेली टीम अजून त्या मुख्य स्टेजवर गेलेली नाही. याचा अर्थ आपण कुठेच नाही असा नको काढू, 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्स चॅम्पियनशिपमध्ये भारताच्या डोटा टीमने ब्राँझ आणलंय. आणि शेजारच्या कराचीत जन्मलेला सुमेल 2015 ला 16 व्या वर्षी इंटरनॅशनल जिंकला, पण तो अमेरिकेत राहून, इव्हिल जीनियसेसकडून.

मग काय कर? कॉलेजला जा, आणि आठ तास एकट्याने रँक खेळण्याऐवजी तीन तास चार पक्क्या सोबत्यांबरोबर खेळ, आपल्याच मॅचचे रिप्ले बघ, स्वतःच्या चुका लिहून काढ. एकट्याची रँक आणि टीममध्ये खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आमच्या कॅफेतला सगळ्यात हुशार पोरगा टीममध्ये कोणाला नको असायचा कारण हरायला लागला की शिव्या द्यायचा. वायफाय सोडून केबल लाव. मे महिन्यात 45 डिग्रीत पीसी तापून फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडकत चालतं, तेव्हा खोलीचा कूलर पीसीवर सोडू नको, दमट हवा आत जाते, दुपारी अभ्यास कर आणि पहाटे खेळ. दोन वर्षांनी वरच्या हजारात असलास तर मला परत लिही, तेव्हा मी वेगळं उत्तर देईन.

"2025 ला ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली ना? मग या स्पर्धा बेकायदेशीर का?" – एक व्यापारी, इतवारी

नाही. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने बंदी आणली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर, ईस्पोर्ट्सला त्याच कायद्यात वेगळी मान्यता आहे, स्पर्धेची एंट्री फी आणि बक्षीस चालतं, सट्टा चालत नाही. त्याआधी डिसेंबर 2022 मध्येच केंद्राने ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलं होतं. पण एंट्री फी घेणारा प्रत्येक जण खरा असतो असं नाही. आम्ही कॉलेजात असताना पाच जणांनी मिळून 500 रुपये भरले, सेमीफायनलपर्यंत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी आयोजकांचे फोन बंद. त्यामुळे मुलगा पैसे मागेल तेव्हा नियम, तारखा, आणि मागच्या वर्षी कोणाला बक्षीस मिळालं हे विचारा, सांगता आलं नाही तर देऊ नका.

"मला खेळायचं नाही, पण भाऊ बघत असतो तेव्हा समजावं असं वाटतं. कुठून सुरू करू?" – कॉलेजची विद्यार्थिनी, धरमपेठ

किती छान विचारलंस ग! यूट्यूबवर सगळं फुकट आहे. 2021 ची फायनल लाव, टीम स्पिरिट विरुद्ध पीएसजी एलजीडी, 2-2 झाल्यावरचा पाचवा डाव. स्पिरिट वरच्या ब्रॅकेटमध्ये पहिलीच मॅच हरलेले, म्हणजे आणखी एक हरले की घरी, आणि तिथून एकेक टीम हरवत फायनलला आलेले. आता हिरो निवडताना बघ, एलजीडी मॅग्नस नावाचा हिरो बाद करत नाहीत, आणि तो स्पिरिटच्या कोलॅप्स नावाच्या खेळाडूला मिळतो. मग पूर्ण डाव फक्त त्या एका मॅग्नसकडे लक्ष ठेव, सोनं कोणाकडे, वॉर्ड कुठे, सगळं सोडून दे. तो समोरच्यांना कसा खेचून एकत्र आणतो ते दोनदा बघितलंस की भावाच्या तोंडून 'अरे मॅग्नस का सोडला' हे का निघतं ते कळेल.

मग लाइव्ह बघा दोघं मिळून. 2026 साठी शांघाय जाहीर झालंय, चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे दुपारच्या चहाला. हॅम्बुर्गसारखं रात्री जागायला नको.