तेजाबात टिकणारं शिसं ताकाला का भितं?

प्रश्न : आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा चार-पाच वर्षं अ‍ॅसिडमध्ये बुडलेल्या असतात, तरी टिकतात. उलट आजी सांगायची, कल्हईत शिसं असेल तर त्या भांड्यात ताक ठेवू नये. तेजाब पचवणाऱ्या शिशाला ताकाची कसली भीती?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आजींचं बरोबर आहे. मी तीस वर्षं बॅटरी दुरुस्तीचं दुकान चालवलं. अ‍ॅसिडचा शिंतोडा उडालेली सुती पँट त्या दिवशी धड दिसायची, धुऊन वाळत घातली की चाळणी! शिशाची पट्टी मात्र त्याच अ‍ॅसिडमध्ये शाबूत.

बॅटरीतलं तेजाब म्हणजे गंधकाम्ल. ते शिशाला शिवतं, नाही असं नाही. पण त्यातून होणारं लेड सल्फेट जवळजवळ विरघळतच नाही. त्याचा करडा पापुद्रा धातूवर बसतो आणि अ‍ॅसिडला आत शिरू देत नाही. म्हणून तर १७४६ साली बर्मिंगहॅममध्ये जॉन रोबक या कारखानदाराने गंधकाम्ल बनवायला काचपात्रांऐवजी शिशाचा पत्रा मढवलेल्या खोल्या वापरल्या.

ताकातलं लॅक्टिक किंवा व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड अगदी सौम्य. पण शिशाशी होणारे त्यांचे क्षार विरघळतात. पापुद्रा धरतच नाही, आणि शिसं ताकाबरोबर पोटात. नायट्रिक अ‍ॅसिडचंही तेच, फक्त झपाट्याने.

बॅटरीतही सगळं आलबेल नसतं बरं का. चार्जिंग होताना धन प्लेटची जाळी, म्हणजे तिचा शिशाचा सांगाडा, हळूहळू लेड डायऑक्साइड होत जाते, फुगते. मेलेली बॅटरी उघडली की ऋण प्लेटची जाळी वाकते, धन प्लेटची पापडासारखी मोडते. निव्वळ शिसं मऊ म्हणून जाळीत अँटिमनी हा दुसरा धातू घालतात. ताठपणा येतो, पण अँटिमनी सुटून ऋण प्लेटवर जाऊन बसतं, पाण्याचा गॅस होणं वाढतं आणि तुम्हाला सारखं डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. सीलबंद बॅटरीत त्याऐवजी कॅल्शियम असतं, तेही टक्क्याच्या दहाव्या भागाएवढं किंवा कमीच. त्या बॅटऱ्या पाणी मागत नाहीत. पण पूर्ण उतरू दिल्या की लवकर रुसतात. रोज दोन-तीन तास लाइट जात असेल, तर मी अजूनही पाणी घालायचीच घेईन.

आणि कल्हईवाला दारात आला, तर त्याची कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवायला सांगा. चोख कथील वाकताना कुरकुरतं. शिसं निमूट वाकतं.