एवढी मोठी कंपनी सोडू की नको?

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारे तरुण समुपदेशनासाठी येतात तेव्हा झोपेची, चिडचिडीची तक्रार सांगून झाल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून लहान कंपनीत जावे की नाही? अशाच एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाची हकिगत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

एका मोठ्या सॉफ्टवेअर सेवा कंपनीत त्याला सव्वाचार वर्षे झाली होती आणि रविवारी संध्याकाळ झाली की त्याच्या छातीत धडधड सुरू होत असे. चाळीस माणसांच्या एका कंपनीने त्याला देऊ केलेला पगार हातात येणाऱ्या रकमेत महिन्याला 22,000 रुपयांनी जास्त होता. त्याने घडी घातलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला, ज्यावर नोकरीत राहण्याचे अकरा फायदे आणि दोनच तोटे लिहिलेले होते. फायदे जुन्या शाळेतल्या वळणदार अक्षरात होते, तोटे मात्र पेन्सिलीने, कोपऱ्यात. हे अक्षर कोणाचे, असे विचारल्यावर तो ओशाळून म्हणाला, “बाबांचे. सोलापूरहून आले होते, तेव्हा आम्ही दोघांनी बसून लिहिले.”

त्याचे वडील ज्या सूतगिरणीत होते ती बंद पडली तेव्हा त्यांचे पीएफचे पैसे मिळायला कित्येक वर्षे लागली होती. मुलाच्या गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र त्यांच्या लेखी काय असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे त्यांची भीती खोडून काढण्याऐवजी आम्ही तिची नीट तपासणी केली.

अकरापैकी सर्वात भक्कम मुद्दा आईच्या मधुमेहाचा निघाला. कंपनीच्या समूह विम्यात आईवडील धरलेले होते आणि आधीपासूनच्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण होते. बाहेर नवी पॉलिसी घेतली असती तर अशा आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागले असते. प्रोजेक्ट संपल्यावर बेंचवर, म्हणजे नवे काम मिळेपर्यंत रिकामे, बसूनही पगार चालू राहणे, हाही फायदा खराच. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीच्या रकमेचे मात्र त्याने उगाच दडपण घेतले होते. ती मिळण्यासाठी लागणारी सलग 5 वर्षे पूर्ण व्हायला त्याला आणखी नऊ महिने थांबावे लागणार होते आणि त्याच्या 30,000 रुपये मूळ वेतनावर ती रक्कम सुमारे 86,500 रुपये होत होती, तर त्याच नऊ महिन्यांत नव्या पगारातली वाढ 1,98,000 रुपये होती. हा हिशेब त्याने स्वतः केला आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसला.

“मोठी म्हणजे सुरक्षित” या मुद्द्यावर मी टीसीएसने 2025 च्या जुलैमध्ये सुमारे 12,000 नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते, याची आठवण करून दिली. तो तिथे नोकरीला नव्हता, पण बातमी त्याला पाठ होती. वडिलांची गिरणीही एके काळी मोठीच होती, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी बोललो नाही, आणि आजही मला ते बरेच झाले असे वाटते.

मग पेन्सिलीतल्या तोट्यांकडे वळलो. पहिला होता नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, ज्यामुळे चांगल्या ऑफर हातच्या जातात. दुसऱ्यात फक्त “काम” एवढाच शब्द होता. त्याचा अर्थ विचारला तेव्हा कळले की तो चार वर्षे एकाच परदेशी बँकेच्या जुन्या प्रणालीवर आलेली तिकिटे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, निकाली काढून बंद करत होता. गेल्या वर्षभरात नवे काय शिकलात, या प्रश्नावर तो थांबला आणि म्हणाला, “रात्री अडीचला फोन उचलून शांत आवाजात बोलायला.” माझ्या मते त्या कागदावरचे बाकीचे सारे मुद्दे मिळूनही या उत्तराच्या वजनाला पुरणारे नव्हते. मोठ्या कंपनीत शिकण्यासारखे पुष्कळ असते, पण ते कोणाच्या वाट्याला यावे हे प्रोजेक्ट आणि मॅनेजर ठरवतात. तुमच्या इच्छेला तिथे अर्जाइतकीच किंमत असते.

म्हणूनच राजीनाम्याआधी कंपनीतच दुसऱ्या प्रोजेक्टची लेखी मागणी करायला मी सुचवले. “सप्टेंबरनंतर बघू,” असे उत्तर मिळाले, आणि तेच उत्तर त्याला आदल्या वर्षीही मिळाले होते. त्याने आईसाठी स्वतंत्र पॉलिसी घेतली, प्रतीक्षाकाळात लागेल म्हणून चार लाख रुपये बाजूला ठेवायचे ठरवले आणि मगच राजीनामा दिला. नोटीस पीरियडच्या सातव्या आठवड्यात जुन्या कंपनीने पगार वाढवून देऊ केला. मात्र काम तेच राहणार होते, त्यामुळे त्याने नकार कळवला.

वडिलांना सांगण्याचे धैर्य त्याने शेवटच्या भेटीनंतर गोळा केले. फोनवर ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग त्यांनी एवढेच विचारले, की पीएफचा नंबर बदलतो का? नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, असे त्याने सांगितल्यावर त्यांनी तो बारा आकडी क्रमांक दोनदा म्हणून घेतला आणि आपल्या वहीत लिहून ठेवला.