ताप कितव्या दिवसाचा? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : माझ्या मुलाला ताप आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही डेंग्यूची ‘आयजीएम’ तपासणी केली. ती निगेटिव्ह आल्यामुळे आम्ही निश्चिंत झालो. सातव्या दिवशी तीच तपासणी पॉझिटिव्ह आली. पहिला अहवाल चुकीचा होता का? – एक वाचक, महाल, नागपूर

अहवाल चुकीचा असेलच असे नाही. तपासणी वेळेआधी झाली होती. आयजीएम ही शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे असून ती साधारणपणे चौथ्या-पाचव्या दिवसापासून रक्तात सापडू लागतात. पहिल्या पाच दिवसांत शोधायचे असते ते ‘एनएस-1’ हे खुद्द विषाणूचे प्रथिन, किंवा आरटी-पीसीआर तपासणीने विषाणूचे जनुकीय द्रव्य. डेंग्यूच्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत आणि एकदा एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर एनएस-1 लवकर नाहीसे होते व आयजीएमही फारसे वाढत नाही, त्यामुळे दोन्ही तपासण्या निगेटिव्ह येऊनही रुग्णाला डेंग्यू असू शकतो. उलट आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकून राहते, म्हणून आजचा ताप मलेरियाचा किंवा टायफॉइडचा असतानाही ते पॉझिटिव्ह दिसू शकते. झटपट निकाल देणाऱ्या कार्डापेक्षा प्रयोगशाळेत केली जाणारी एलायझा पद्धत अधिक भरवशाची आहे. कोणतीही तपासणी करा, पण ताप पहिल्यांदा कधी आला ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. तिच्याशिवाय अहवालाचा अर्थ लावणे म्हणजे अंदाज बांधणे होय.

प्रश्न : प्लेटलेट 60 हजारांवर आल्या आहेत, मात्र ताप उतरला आहे. नातेवाईक प्लेटलेट चढवण्याचा आग्रह धरत आहेत, पपईच्या पानांचा रसही देत आहेत. – गृहिणी, मानेवाडा

रक्तस्राव होत नसेल तर 60 हजारांवर प्लेटलेट चढवण्याचे कारण नाही. सर्वसाधारणपणे त्या 10 हजारांच्या खाली गेल्यावर किंवा रक्तस्राव असल्यास तो विचार होतो. आपल्याकडे घरातली सगळी मंडळी प्लेटलेटचा आकडा पाठ म्हणून दाखवतात, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरे लक्ष तिथेच हवे. डेंग्यूत जिवावर बेतते ते मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्यामुळे. तसे झाले की रक्त घट्ट होते, हिमॅटोक्रिट वाढते आणि रक्तदाब कोसळू शकतो. हे बहुधा ताप उतरू लागल्यानंतरच्या 24 ते 48 तासांत घडते, म्हणून ‘ताप गेला, आता बरे वाटेल’ असे समजून गाफील राहू नका. पोटात तीव्र दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, काळी शौच, हातपाय गार पडणे, विलक्षण सुस्ती किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठा. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा. पपईच्या पानांचा रस खात्रीने गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि त्या कडू रसाने उलट्या वाढून पोटातले पाणी-सरबतही बाहेर पडत असेल तर तो थांबवलेलाच बरा.

प्रश्न : चिकनगुनिया होऊन तीन महिने झाले, बोटांचे सांधे अजून आखडतात. – निवृत्त शिक्षक, प्रतापनगर

2024 च्या साथीनंतर नागपुरात ही तक्रार घरोघरी ऐकू आली. सांधेदुखी काही महिने टिकू शकते आणि बहुतेकांची हळूहळू कमी होते. तथापि तीन महिन्यांनंतरही सूज व सकाळचा ताठरपणा असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊ नका.

प्रश्न : आमच्या वस्तीत धुरळणी होते, तरीही डास कमी होत नाहीत. असे का? – एक वाचक, हिंगणा रोड

धुराने फक्त उडणारे डास मरतात, तेही धूर पोहोचला तरच. डेंग्यू-चिकनगुनिया पसरवणारी एडिस इजिप्ती या डासाची मादी दिवसा चावते आणि पलंगाखाली, पडद्याआड, टांगलेल्या कपड्यांत बसते. पाण्यातल्या अळ्यांना धुराचा उपद्रवच होत नाही.

नागपूरकरांनी आधी स्वतःचा कूलर तपासावा. उन्हाळा सरला की आपण पंपाची पिन काढतो, पण खिडकीबाहेरच्या टाकीत उरलेल्या पाण्यात पावसाची भर पडत राहते. टॉर्चचा उजेड टाकून पाहा : पृष्ठभागाला लटकलेल्या अळ्या वळवळत तळाकडे जातील. उष्ण हवामानात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा’ पाळण्याचा सल्ला त्यावरूनच दिला जातो. मात्र केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिस आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते व ती कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात. तशीच माळ्यावर ठेवलेली टाकी पुढच्या उन्हाळ्यात भरली की त्यांतून अळ्या बाहेर येतात. म्हणून टाकीच्या भिंती ताठ ब्रशने घासा, वाळ्याच्या ताट्या उन्हात खडखडीत वाळवा आणि कूलर ठेवण्यापूर्वी पुन्हा एकदा घासून पुसून काढा. फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली व गच्चीवरचे जुने टायर यांनाही हाच नियम लागू. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, कारण त्याला चावलेला डास पुढे इतरांना आजार देऊ शकतो.

प्रश्न : चांदिपुरा ताप डासांमुळेच होतो का? – विद्यार्थिनी, सीताबर्डी

या तापाचा विषाणू आपल्याकडचाच : 1965 मध्ये नागपूर भागात तापाच्या रुग्णांच्या रक्तातून तो वेगळा करण्यात आला. त्याचा प्रसार मुख्यतः वालुमाशीमार्फत होतो. ही बारीक माशी पाण्यात नव्हे, तर मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि शेणकचऱ्याजवळच्या ओलसर जमिनीत वाढते. त्यामुळे भेगा बुजवणे व गोठा घरापासून दूर ठेवणे, हे उपाय इथे महत्त्वाचे. हा आजार प्रामुख्याने 15 वर्षांखालील मुलांना होतो आणि काही तासांत मेंदूपर्यंत पोहोचू शकतो; तापासोबत झटके आले किंवा मूल भान हरपू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला थेट बालरोग अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे.