जुनी यझदी मोटरसायकल घेतलीस, आता पान्याला जरा दम धरू दे

भावा, गाडी झकास मिळालीय. पण लगेच इंजिन उघडू नकोस. मी उघडलं होतं. जोडून झाल्यावर दोन वॉशर हातात उरले आणि गाडी टेम्पोत घालून साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत न्यावी लागली.

महिनाभर नुसता प्लग वाचायला शीक, म्हणजे स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघ. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा, ओलसर असला तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरा दिसला तर गाडी थांबवच, इंजिन तापतंय. पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची फट साधारण 0.4 मिमी, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावूनच बघ. अंदाजपंचे नको. पावसाळ्यात पॉइंटच्या झाकणात ओल शिरते. किक मारून पाय दुखायला लागला की आधी तेच पुसून घे.

ही टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला 30 ते 40 मिली. यवतेश्वर घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर गाडी सोडलीस तर पेट्रोल कमी जातं, म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. अधूनमधून हलकी रेस देत उतर. कासला जाणारी निम्मी पोरं हेच विसरतात.

चेन, केबल, स्पोक दर रविवारी बघ, त्यात फार डोकं लागत नाही. गाडी लावली की पेट्रोलचा कॉक मात्र बंद कर. नाहीतर रात्रभर पेट्रोल झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात साठतं, आणि सकाळी किक मारून मारून घाम निघतो.