‘मडक्याला कुंभार, तसा जगाला देव’ : वादस्पर्धेत हे कसं खोडायचं?

समोरचा खानापूरचं मडकं दाखवून देव सिद्ध करणार असेल, तर त्याला हसण्यावारी नेऊ नका. हा न्यायदर्शनाचा, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनाचा, जुना युक्तिवाद आहे; उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त तो पुऱ्या ताकदीनं आहे. पृथ्वी वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्यं (म्हणजे घडवलेल्या, आधी नसून मग झालेल्या वस्तू) आहेत, घटासारखी, म्हणजे मडक्यासारखी.

मारा करायचा तो हेतूवर, म्हणजे ‘कारण ती कार्यं आहेत’ या दिलेल्या कारणावर. जग ‘कार्य’ आहे, हे ठरवलं कुणी? मडकं घडताना दिसतं. अख्खं जग एकदा नव्हतं आणि मग झालं, हे कुणी पाहिलंय? मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे) कुमारिल भट्ट वेद मानूनही जगाचा निर्माता नाकारतात. जैनही जग अनादि मानतात. किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, रोज बघणाऱ्या बेळगावकरांना हे नवं नसावं.

दुसरा घाव दृष्टांतावर, म्हणजे मडक्याच्या उदाहरणावर. कुंभाराला देह असतो, तो चिखल बाहेरून आणतो, आणि एका भट्टीमागे चार हात राबतात. मग देवही देहधारी आणि अनेक का नकोत? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतील, एकानं भागतं तर अनेक कशाला? उत्तर बरं आहे, पण त्यानं एकच देव सोयीचा ठरतो, सिद्ध होत नाही.

बहुतेकांची गाडी रानातल्या गवतावर घसरते. ‘गवत कुणी पेरलं नाही, म्हणजे प्रत्येक कार्याला कर्ता असतो हा नियम मोडला’ असं म्हणालात की प्रतिपक्ष सांगणार, गवताचा कर्ता हाच तर वादाचा विषय. तोच पुरावा म्हणून कसा आणता? तिथं त्याचंच बरोबर आहे.

आणि हेतू पाडलात म्हणून ‘देव नाही’ असं जाहीर करू नका. पडला तो एक पुरावा.